काचेसमोर

रुवीच्या हाय स्ट्रीटवर माझी खोली ते मनी एक्स्चेंज
साडेचारशे पावलं.
पूर्वी मोजायची गरज नव्हती.
आता एकशेतिसाव्या पावलाला डाव्या पोटरीत
कुणीतरी ओला पंचा पिळायला घेतं
आणि पिळतच राहतं.

मग थांबावं लागतं.
नुसता थांबलेला माणूस इथे बरा दिसत नाही,
कुणी पाणी आणतो, कुणी पोलिसासारखा नाव विचारतो.
म्हणून मी दुकानाच्या काचेत बघतो.
पहिला मुक्काम घड्याळं.
दुसरा, तान्ह्या बाळांचे कपडे;
माझा धाकटा दाढी ठेवतो आता.
तिसरा काळे अबाये, बिनडोक्याच्या पुतळ्यांवर.
तिथे नजर खाली घालून
किमतीच्या चिठ्ठ्या वाचतो.

तीन मिनिटं. पीळ सुटतो.
पाय म्हणतो, कुठे काय झालं होतं?
खोटारडा.

डॉक्टरीणबाईंनी घोट्याला थंड जेल लावून
एक यंत्र टेकवलं.
उजव्या पायात फडफड ऐकू आली, शिडासारखी.
डाव्यात नुसती फुसफुस,
ओहोटीला खडकाच्या भोकातून येते तशी.
मग त्या कागदावर नळी काढायला लागल्या,
आतून किटण धरलेली.
म्हटलं, बाई, हे मला नका शिकवू.
समुद्राचं गोडं पाणी करणाऱ्या कारखान्यात
सत्तावीस वर्षं मी हेच खरवडलं,
नळ्यांतला पांढरा थर, बोटाएवढा जाड.
अ‍ॅसिड सोडायचं, घासायचं, धुवायचं,
फोरमन टॉर्च मारायचा, आरपार दिसलं की सही.
माझ्यात टॉर्च कुठून मारणार?

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
सिगारेट?
रात्रपाळीपुरती.
रात्रपाळी किती वर्षं?
मी छताकडे बघितलं.

दम हा वेगळा हिशेब.
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
दुसऱ्या वळणावर मी खिशात किल्ली शोधतो,
किल्ली हातातच असते.
खालून नेपाळी पोरं येतात, दोन-दोन पायऱ्या गाळत,
"अंकल, चाबी खो गया?"
होय रे, म्हणायला जातो,
तोंडातून फक्त वारा निघतो.

रात्री पाय आडवा ठेवला की ठणकतो,
खाटेवरून खाली लोंबवला की गप्प.
म्हणून चंदगडच्या बाबूकडून खालची खाट मागून घेतली.
त्याला सांगितलं, वर पंख्याचं वारं लागतं.
शैलजाला फोनवर सांगतो, रोज चालतोय.
हे मात्र खरं.
औषधच ते: दुखेपर्यंत चाला, थांबा,
ओसरलं की पुन्हा चाला.
हे तर मी दर दोन वर्षांनी करत आलोय,
एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत.

गेल्या गुरुवारी अबायांच्या काचेसमोर
शेजारी एक म्हातारा बलुच उभा.
मेंदी लावलेली दाढी, हातात औषधांची पिशवी.
तोही चिठ्ठ्या वाचत होता, ओठ हलवत.
मी घड्याळांपाशी होतो तेव्हा हा बाळांपाशी होता,
हे तेव्हा लक्षात आलं.
काचेत नजर भेटली.
त्यानं वाकून उजवी पोटरी दाबली.
मी डावी.
"कितना?" त्यानं विचारलं.
"एक सौ तीस."
"माशाल्ला," तो म्हणाला, "मेरा तो नब्बे."

तेवढ्यात आतून सेल्समन आला, मलबारी पोरगा,
कौनसा दिखाऊँ, साइज क्या है?
मुराद बख्श माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.
त्याचा डावा धड, माझा उजवा,
दोघांत मिळून एक चालता माणूस,
आणि त्याला अबाया कुठल्या मापाचा बसणार?
हसलो. धाप लागली म्हणून थांबलो,
थांबलो म्हणून पुन्हा हसू आलं.
पोरगा टेप गळ्यात घेऊन उभाच.

मग कळ ओसरली.
कुणाची आधी, ते कुणीच बोललं नाही.
निघालो.
एक्स्चेंज नऊला बंद होतं.